दीड इंचाचं दार

ब्लूबर्डच्या पेटीत जायला एकच वाट असते, समोरच्या फळीतलं दीड इंच व्यासाचं गोल भोक. बाकी गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालतं. लाकूड सीडरचं असो की पाइनचं, छप्पर बोटभर पुढे असो की मागे, पक्ष्याचं काही अडत नाही. भोकाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. ते पाव इंचानं मोठं झालं की स्टार्लिंग आत शिरतो, आणि स्टार्लिंग शिरला की ब्लूबर्डनं दुसरीकडे जागा शोधायची. पाव इंचानं लहान ठेवलं तर ब्लूबर्डलाच बाहेर राहावं लागतं. दीड इंचावर दोघांचा निकाल लागतो. फळीत पाडलेल्या एका भोकानं अख्ख्या जातीला हात द्यावा, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पण दीड इंचातून चिमणीही जाते. ब्लूबर्ड आणि चिमणी अंगापिंडानं जवळपास सारखे. चिमणीला अडवेल असं भोक ब्लूबर्डलाही अडवतं. त्यामुळे फळीचं काम जिथे संपतं तिथून माणसाचं सुरू होतं. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत कुणीतरी दर तीन-चार दिवसांनी पेटी उघडायची, आत कोण आहे ते पाहायचं, आणि पाहिल्यावर काय करायचं ते ठरवायचं. आमच्या घरामागच्या पेट्यांपुरतं हे काम माझ्याकडे आहे.

मेरीलँडमधल्या आमच्या घरामागे गवताचा उतार आहे, त्याच्या खाली वस्तीचं सामाईक कुरण आणि कुरणाच्या कडेला ओक, स्वीटगम, ट्यूलिप पॉपलर यांची झाडी. ब्लूबर्डला अशीच जागा लागते. दाट रान त्याला नको असतं. आखूड गवत हवं, आणि गवतावर नजर ठेवायला एखादा खांब, तार, वठलेली फांदी. तिथे तो खांदे पाडून बसतो, कितीतरी अंतरावरचा नाकतोडा हेरतो, सरळ खाली उतरतो, उचलतो आणि परत जागेवर येतो. एका पाडव्याला आम्ही डेकच्या कठड्याला गुढी उभारली, तर तांब्यावर नर येऊन बसला आणि सकाळभर त्यानं तिथूनच शिकार केली. पूजा झाल्यावरही आम्ही कुणी दार उघडून डेकवर गेलो नाही.

हा पक्षी थ्रश कुळातला, म्हणजे आपल्याकडच्या नारिंगी डोक्याच्या कस्तुराचा दूरचा भाऊबंद. नराची पाठ, डोकं, शेपूट निळी, छाती विटकरी, पोट पांढरं. मादीचा निळा राखेत मिसळलेला, फक्त पंख आणि शेपूट उलगडल्यावर दिसणारा. गंमत अशी की त्याच्या पिसात निळं रंगद्रव्य मुळी नसतंच. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून ढगाळ संध्याकाळी तारेवर बसलेला नर मळकट वाटतो, आणि त्याच तारेवर ऊन आलं की तो निळा सहन होत नाही इतका उजळ होतो. अंड्याचा निळा मात्र खरा रंग आहे. तो बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा, अंड्याच्या कवचातच उतरलेला. पाठीवरचा निळा उजेडाच्या हवाली आणि पोटातून आलेला निळा कायमचा, हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पेटीपाशी जाऊन अंड्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं.

ब्लूबर्डच्या चोचीला लाकूड कोरता येत नाही. सुतारपक्ष्यानं कोरून सोडलेली ढोली, कुजलेल्या खांबातली पोकळी, जुन्या सफरचंदाच्या झाडाचं खोड, एवढ्यावर त्याचं चालायचं. शेतांचे लाकडी खांब जाऊन लोखंडी आले, वठलेली झाडं तोडली जाऊ लागली, फळबागांवर विषारी फवारे सुरू झाले. आणि ज्या थोड्या ढोल्या उरल्या त्यांवर परक्या मुलखातून आणलेले दोन पक्षी तुटून पडले. चिमणी १८५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सोडली गेली, झाडांची पानं फस्त करणाऱ्या अळ्या ती खाईल या आशेनं. स्टार्लिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कात सोडले गेले. दोघांनीही सगळा खंड व्यापला. चिमण्यांच्या बाबतीत तर १८८९ सालीच अमेरिकेच्या शेतकी खात्याला त्यांच्या उपद्रवावर जाडजूड ग्रंथ छापावा लागला होता. ज्या राज्याच्या मातीत हे दोन्ही पाहुणे उतरले, त्या न्यूयॉर्कनं १९७० मध्ये ब्लूबर्डला आपला राज्यपक्षी केलं. तोवर तो पुष्कळ ठिकाणांहून दिसेनासा झाला होता.

तो परत आला तो पेट्यांमुळे, आणि पेट्या माणसांमुळे. १९३४ साली इलिनॉयमधल्या क्विन्सी गावाजवळ थॉमस मसलमन यांनी रस्त्याकडेच्या खांबांवर ओळीनं पेट्या बसवायला सुरुवात केली. अशा रांगेला इथे ‘ब्लूबर्ड ट्रेल’ म्हणतात. आमच्या भागाला जास्त जवळचं नाव लॉरेन्स झेलेनी यांचं. ते शेतकी खात्यातले जीवरसायनशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी मेरीलँडच्या बेल्ट्सव्हिल इथल्या शेती संशोधन केंद्राच्या आवारात पेट्यांची मोठी रांग सांभाळली, १९७६ साली ब्लूबर्डवर पुस्तक लिहिलं आणि १९७८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी’ उभी केली. त्यांनी पेटीपेक्षा पेटी उघडून पाहण्यावर जास्त भर दिला, आणि मला वाटतं त्यांचं मोठेपण त्यातच आहे. पेटी टांगणं सोपं आहे. दुकानात रंगीत, कौलारू, भोकाखाली छोटी दांडी असलेल्या पेट्या मिळतात. ती दांडी ब्लूबर्डला लागत नाही, चिमणीला बरी पडते. लोक हौसेनं अशी पेटी आणतात, अंगणात लावतात आणि विसरतात. दोन महिन्यांत तिथे चिमण्यांची एक वीण बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी आसपासच्या ढोल्यांवर हक्क सांगायला येते. न पाहिलेली पेटी ही नसलेल्या पेटीपेक्षा वाईट. पक्ष्याला घर दाखवून बोलवायचं आणि दाराशी उभं राहायचं नाही, ही मला बेपर्वाई वाटते.

पेटी उघडायची रीत आहे. भल्या सकाळी जायचं नाही, कारण मादी अंडं सकाळीच घालते. पावसात, कडक थंडीत जायचं नाही. जाताना थोडं बोलत जायचं म्हणजे ती दचकत नाही. पेटीवर बोटांनी हळूच टकटक करायची आणि क्षणभर थांबायचं. ती आत असेल तर भोकातून सुळकन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीवर जाऊन बसते. मग बाजूच्या फळीचा स्क्रू फिरवायचा, फळी खाली ओढायची, आत नजर टाकायची. मिनिटभरात काम संपलं पाहिजे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लं टाकून जाते, असं आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. ब्लूबर्डची मादी फांदीवरून सगळं पाहत असते आणि मी पाठ फिरवली की आत जाते. काही माद्या तर टकटकीनंही हलत नाहीत. त्या बसून राहतात आणि मान वर करून बघतात. मग मी फळी परत लावते आणि वहीत ‘मादी बसलेली’ एवढंच लिहिते.

आत सुक्या गवताचं आणि पाइनच्या सुयांचं नेटकं घरटं असतं, मधोमध वाटीएवढी खोलगट जागा. ते सगळं मादीचं काम. नर मार्चमध्ये चोचीत काडी घेऊन पेटीच्या भोकाशी येतो, पंख हलवून दाखवतो, आत-बाहेर करतो. जागा पसंत पडावी म्हणून हे सगळं. पसंती मिळाली की काड्या वाहणं तिच्याकडे. एप्रिलच्या सुरुवातीला, रेडबडच्या नागड्या फांद्यांवर जांभळट फुलं येतात त्या सुमारास, पहिलं अंडं दिसतं. फिकट निळं, एकही ठिपका नसलेलं. रोज एक याप्रमाणे चार-पाच. एखाद्या मादीची अंडी शुभ्र पांढरीही असतात. पहिलं अंडं घातल्या घातल्या ती बसत नाही, शेवटचं पूर्ण झाल्यावरच उबवायला लागते, त्यामुळे अंडी बहुतेक एकाच दिवशी फुटतात. तोवर अंडी थंडच असतात. नवख्या माणसाला वाटतं, टाकून गेली. मलाही दरवेळी थोडं वाटतंच, हे माहीत असूनही.

साधारण दोन आठवड्यांनी पेटी उघडली की आत निळं काही नसतं. गुलाबी, डोळे मिटलेली, पाठीवर राखी लव असलेली लिबलिबीत पिल्लं एकमेकांवर पडलेली. फळी हलल्याचा धक्का त्यांना आई आल्यासारखा वाटतो आणि सगळ्या माना एकदम वर येतात. डोक्यापेक्षा मोठ्या पिवळ्या चोची. पिल्लू शी करतं तीही पांढऱ्या आवरणात बांधलेली, म्हणजे आईबापांना ती चोचीत धरून लांब नेऊन टाकता यावी. पाचव्या-सहाव्या दिवशी त्वचेखाली पंखांच्या काळ्या रेघा दिसतात. त्यानंतर पिसांच्या नळ्या फुटतात आणि नराच्या पंखावरचा निळा मादीपेक्षा गडद दिसायला लागतो, म्हणजे कोण मुलगा आणि कोण मुलगी हे पेटीतच कळतं. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही. त्या वयात पिल्लं घाबरून वेळेआधी उडी मारतात आणि गवतात पडलेल्या पिल्लाला वाचणं अवघड असतं. तेव्हा मी लांबूनच पाहते, आईबाप अळ्या घेऊन येतात की नाही एवढं.

हे सगळं मी लिहून ठेवते. तारीख, अंडी, पिल्लं, किती गेली, किती उडाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेकडे ‘नेस्टवॉच’ नावाच्या उपक्रमात अशा नोंदी देशभरातून जमा होतात. तिथे घरट्यांच्या नोंदी १९६५ पासून कार्डांवर ठेवल्या जात होत्या. माझी एका कुरणापुरती ओळ त्यात जाऊन पडते. एप्रिल अखेरीस अचानक थंडी पडून पेटीतली पिल्लं मेली, तर तीही ओळ जाते. थंडीत किडे हलत नाहीत, आईबापांना काही सापडत नाही. अशा दिवसांत मी कुरणाच्या कडेला बशीत मीलवर्म ठेवते, पण कुरण भरवणं माझ्या हातात नाही.

चिमणी येते ती आवाजानं कळते. पेटीच्या छपरावर बसून नर एकसारखा चिवचिवत राहतो, तास न् तास, एकाच सुरात. हा आवाज माझ्या कानात जन्मापासून आहे. नाशिकच्या आमच्या घरात आरशावर चोच मारणारी चिमणी होती, पंख्याच्या वाटीत काड्या कोंबणारी होती, जेवताना चिऊचा घास होता, आणि झोपताना मेणाच्या घरात बसून कावळ्याला दाराबाहेर उभं करणारी चिऊ होती. अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात पार्किंगच्या कोपऱ्यात तीच चिमणी दिसली, तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. तिची जात तीच, नावही तेच. फक्त इथे ती उपरी आहे.

पेटीत तिचं घरटं ओळखायला वेळ लागत नाही. जाडं गवत, कोंबडीची आणि कबुतराची पिसं, प्लास्टिकची पट्टी, सिगारेटचं थोटूक, कागदाचा कपटा, सगळं कोंबून वर छतापर्यंत नेलेलं. मी ते काढते. दोन दिवसांनी पुन्हा असतं. सलीम अलींच्या आत्मचरित्रात त्यांचं शाळकरी वयातलं एक टिपण आहे : घरट्याशी बसणारा चिमणा त्यांनी बंदुकीनं टिपला, तर मादीला लगेच दुसरा मिळाला, आणि आठवडाभरात एकाच जागेवरून आठ नर मारूनही जागा रिकामी राहिली नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईकर मुलानं जे पाहिलं तेच मी मेरीलँडच्या कुरणात पाहते. चिमणीला जागा आवडली की ती सोडत नाही.

एका एप्रिलमध्ये वरच्या पेटीत ब्लूबर्डची मादी पाच अंड्यांवर बसलेली होती. पुढच्या वेळी मी टकटक केली तर कुणी बाहेर आलं नाही. फळी ओढली तर समोर चिमणीचं जाडं गवत, पिसं, पुडीचा चकचकीत कागद. ते काढत गेले आणि हाताला पंख लागला. मादी आपल्या घरट्यातच होती, अंड्यांवर. डोक्यावरची पिसं गेलेली, कवटीवर आणि डोळ्यापाशी जखमा. चिमणा दारातून आत आला होता आणि तिला बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. तिच्या अंगावरच त्यानं घर बांधायला घेतलं होतं. खालची अंडी गार पडली होती, एकही फुटलेलं नव्हतं. मी तिला झाडीच्या कडेला पुरलं. तिचा नर त्यानंतर कितीतरी दिवस तारेवर बसून साद घालत राहिला. त्याचा आवाज मऊ, तीन-चार तुटक सुरांचा, आणि तो रोज त्याच पेटीच्या दिशेनं तोंड करून बसायचा. मे महिन्यात दुसरी मादी आली आणि त्यानं तिला कुरणातली खालची पेटी दाखवली.

त्या दिवसापासून मी चिमणीच्या बाबतीत काय करते ते स्पष्ट सांगते. पेटीत नुसतं घरटं असेल तर काढते. अंडी घातलेली असतील आणि घरटं काढलं, तर नर चवताळून शेजारच्या पेटीवर जातो आणि तिथल्यांना मारतो. म्हणून अंडी बाहेर घेते, प्रत्येकाला बारीक सुईनं टोचते आणि परत ठेवते. चिमणीची अंडी करडट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, पातळ सालीची, तळहातावर उबदार. टोचताना टरफलाचा अगदी हलका आवाज होतो. चिमणी परत येते आणि बसते. न फुटणाऱ्या अंड्यांवर ती पुष्कळ दिवस बसून राहते आणि तेवढ्या दिवसांत खालच्या पेटीतली पिल्लं उडून जातात. आमच्या भागात काही जण पेटीत सापळा लावून चिमण्या पकडतात आणि मारतात. कायद्याला ते चालतं. मी तिथवर जात नाही, पण त्यांना नावंही ठेवत नाही. चिमणी दुष्ट नाही. ढोली हवी म्हणून ती भांडते. जिथे तिला यायचं नव्हतं तिथे तिला माणसानं आणून सोडलं, आणि जे माणसानं बिघडवलं ते सावरताना हात स्वच्छ राहतील अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

हे आईला सांगायला मला धीर करावा लागला. तिच्या गॅलरीत चिमण्यांसाठी टांगलेली लाकडी पेटी आहे, कठड्यावर पाण्याचं मातीचं पसरट भांडं आहे, रोज तांदळाची कणी आहे. जागतिक चिमणी दिवस, २० मार्च, २०१० पासून साजरा होतो तो नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकारानं, याचा तिला अभिमान आहे. देशभरातल्या पक्ष्यांचा २०२० चा अहवाल सांगतो की भारतात एकंदरीत चिमणी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. आईला अहवाल वाचायची गरज नाही. समोरची कौलारू घरं गेली आणि काचेच्या इमारती आल्या, तेव्हा तिनं ते मोजलं आहे.

“आई, मी चिमणीची अंडी टोचते,” मी फोनवर म्हटलं आणि का ते सगळं सांगितलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, मी गॅलरीतल्या कबुतरांच्या काड्या रोज उचलून टाकते. अंडं घातलं तर तेही. नाहीतर चिऊला यायला जागा राहील का?” आणि लगेच, “पण तू नीट बघतेस ना, कुणाची अंडी आहेत ती?”

नीट बघणं, यातच सगळं येतं. चिकॅडी हा इथला चिमुकला पक्षी, त्याची अंडीही पांढरी आणि तांबूस ठिपक्यांची. फरक घरट्यात असतो. चिकॅडी हिरवं शेवाळ अंथरते. ट्री स्वॅलोची अंडी पांढरी, पण घरट्यात वळलेली पांढरी पिसं. हाऊस रेन पेटी काटक्यांनी भरतो. या सगळ्यांना अमेरिकेच्या १९१८ च्या पक्षीरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या अंड्यांना हात लावायचा नाही. चिमणी आणि स्टार्लिंग त्या कायद्याबाहेर. रेन तर ब्लूबर्डची अंडी चोच मारून फोडतो, मी ते पाहिलं आहे. पण तो इथलाच, त्याचं आणि ब्लूबर्डचं भांडण माणूस इथे येण्याच्याही आधीचं. त्याची अंडी पेटीत असली की मी फळी लावते आणि निघते. झाडीपासून पेट्या लांब ठेवणं एवढंच माझ्या हातात. स्वॅलोसाठी वेगळा उपाय आहे. दोन पेट्या जवळजवळ लावायच्या. स्वॅलोची जोडी दुसऱ्या स्वॅलोला शेजारी येऊ देत नाही, ब्लूबर्डला मात्र चालवून घेते, आणि दोघं मिळून बाकीच्यांना हाकलतात.

आईच्या पेटीत साळुंक्या शिरायच्या. सुतारानं भोक मोठं पाडलं होतं. साळुंकी आणि स्टार्लिंग एकाच कुळातले, तेव्हा इथला धडा तिथे चालणारच होता. मी तिला बत्तीस मिलिमीटरचं माप कळवलं. चिमणीला तेवढं पुरतं. तिनं सुताराकडून नवी फळी बसवून घेतली आणि फोटो पाठवला. फोटोत नर भोकातून अर्धा बाहेर, गळ्याखाली काळा ठसा, इथे माझ्या छपरावर बसतो तसाच. तो फोटो मी जपून ठेवला आहे. दोन्ही गोष्टी मला मनापासून करायच्या आहेत आणि त्यांची एकमेकींशी तडजोड करण्याची मला गरज वाटत नाही. चिमणीचं घर नाशिकला आहे.

ब्लूबर्डचं पहिलं अंडं पडलं की मी पेटीच्या वर दोन काड्यांना चमकत्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधते. वाऱ्यावर त्या फडफडतात, चिमणी बिचकते. ब्लूबर्ड अंड्यांमुळे पेटीला बांधलेला असतो, तो एक-दोनदा लांबून पाहतो आणि पट्ट्यांखालून आत जातो. पिल्लं उडाली की पट्ट्या उतरवते, नाहीतर चिमणीला सवय होते. खांबाला पत्र्याचं रुंद नळकांडं आहे. रॅकून आणि इथली काळी धामण त्याच्यावर चढू शकत नाहीत. धामण तरी सोडत नाही. सकाळी कधी कधी नळकांड्याखाली वेटोळं घालून वर बघत बसलेली असते.

पिल्लं उडायच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हलत नाही. आईबाप भरवणं कमी करतात आणि लांबून अळी दाखवत हाक मारतात. भोकातून एक डोकं बाहेर येतं, आत जातं, पुन्हा येतं, खांदे बाहेर येतात आणि मग पिल्लू सुटतं. आयुष्यातलं पहिलं उडणं, आणि तेही सरळ झाडीपर्यंत. छातीवर ठिपके, पंखाला नुकता निळा. एकामागून एक जातात, शेवटचं कधी कधी दुपारपर्यंत दारात बसून ओरडतं. मग मी जुनं घरटं काढते. त्यात तळाला निळ्या माशीच्या अळ्या सापडतात, पिल्लांचं रक्त पिऊन वाढलेल्या. त्यांची संख्याही वहीत जाते. पेटी झाडून कोरडी केली की थोड्याच दिवसांत मादी पुन्हा काड्या आणायला लागते. दुसऱ्या विणीला कधी कधी पहिल्या विणीतलं एखादं पिल्लू भरवायला मदत करतं. ठिपकेदार छातीचं, स्वतः अजून नीट शिकार न येणारं पोर आपल्या धाकट्यांसाठी अळी घेऊन दाराशी येतं आणि बापाच्या मागे रांगेत थांबतं.

येत्या हंगामासाठी घराजवळची पेटी कुरणात हलवायची ठरवली आहे. चिमणी माणसाच्या भिंतींना धरून राहते. जितकं लांब जाऊ तितकी कमी. शेजारीण हिवाळाभर फीडरमध्ये मिलेट आणि भरडलेला मका घालते, त्यावर चिमण्यांचा थवा पोसला जातो. तिच्याकडे जाऊन बसले, पेटीतल्या मादीचं सगळं सांगितलं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, गोणी अजून अर्धी आहे, ती संपली की बदलते. मी तिला सूर्यफुलाच्या बियांची पिशवी नेऊन दिली आणि अर्धी गोणी मागून घेतली. आता खांब काढून नवा खड्डा घ्यायचा आहे, आणि तोही जमीन गोठण्याआधी, कारण फेब्रुवारीच्या शेवटाला नर पेट्या बघायला येतो.